तुम्ही विचारलंत म्हणून: ‘धातूविरहित’ म्हणवणाऱ्या कार्बनच्या उत्प्रेरकात खरंच धातू नसतो का?

(उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता रासायनिक अभिक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ. हे काम बऱ्याचदा पॅलेडियमसारखे महागडे धातू करतात.) हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला माझ्या मामाने. त्याची चाळीस वर्षं झवेरी बाजारात गेली. मी पीएचडीला ‘कोळशावर’ काम करते हे कळल्यावर तो म्हणाला, “पॅलेडियमचं काम कोळसा करतो म्हणतेस. मग त्या कोळशात पॅलेडियम नाही, हे तू कुणाकडून तपासून घेतलंस?” त्यानंतर तळोज्याच्या कारखान्यातल्या लोकांनी विचारलं, विद्यार्थी तर दर वर्षी विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

आधी हा कोळसा काय ते. ज्याच्या न फुटणाऱ्या ताटल्या करतात, त्या मेलामाइनमध्ये वजनाने दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. मेलामाइन झाकणाच्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या वाटीत घालून भट्टीत ५५० अंशांपर्यंत हळूहळू तापवलं की अमोनिया निघून जातो आणि मागे पिवळी पूड राहते. ती कार्बन नायट्राइड. (झाकण विसरलात तर बराचसा माल हवेत जातो. मी विसरले आहे.) त्याच मेलामाइनमध्ये ग्लुकोज मिसळून, हवा लागू न देता ९०० अंशांपर्यंत नेलं, तर काळा कार्बन मिळतो आणि त्याच्या जाळीत थोडा नायट्रोजन अडकून राहतो. भट्टी जितकी तापवाल तितका नायट्रोजन कमी उरतो, पण वीज अधिक चांगली वाहते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

“हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट आहे, तोच का नाही घालत?” असंही विचारतात. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की भट्टीत आम्ही तोच वायू सोडतो, कशाशी भांडत नाही म्हणून.

कार्बनच्या जाळीत बसलेला नायट्रोजन मात्र गप्प राहत नाही. कार्बनपेक्षा त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जास्त आणि ओढही जास्त. जाळीच्या कडेला बसला तर त्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. तिने तो दुसऱ्या रेणूचा प्रोटॉन काढून घेऊ शकतो, म्हणजे आम्लारीचं काम करतो. शेजारचा कार्बन किंचित धन होतो आणि ऑक्सिजनसारख्या रेणूला तिथे टेकायला जागा मिळते. नेमकं काम नायट्रोजन करतो की त्याचा शेजारी, यावर अजून वाद चालतात. मी शेजाऱ्याच्या बाजूने आहे.

औषध कंपन्यांना यात रस का, तर औषध बनवताना वापरलेलं पॅलेडियम थोडं त्यात उरू शकतं, आणि तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ते गाळून काढायला खर्च येतो. मुळात घातलंच नाही तर प्रश्नच मिटला.

आता मामाचा प्रश्न. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझी काळी पूड भलतीच चांगली चालू लागली. उत्प्रेरक चालतो का ते बघायची नेहमीची चाचणी अशी: पॅरा-नायट्रोफिनॉल आणि सोडियम बोरोहायड्राइडचं द्रावण हळदीसारखं पिवळं असतं. अभिक्रिया झाली की रंग उडतो. माझा रंग पाच मिनिटांत उडायचा. मी पेपरचा मसुदासुद्धा लिहायला घेतला होता. प्रयोगशाळेतली एक सीनियर म्हणाली, “पूड न घालता करून बघितलंस का?” करून बघितलं. पूड नाही, बाकी सगळं तेच. बारा मिनिटांत रंग उडाला.

दोन दिवस मी पाण्याला, बाटल्यांना, बोरोहायड्राइडला दोष देत होते. दोषी निघाला द्रावण ढवळणारा मॅग्नेटिक बीड. पूर्वी कुणीतरी तो पॅलेडियमच्या प्रयोगात वापरला होता. बीडच्या टेफ्लॉनच्या आवरणावर बारीक चरे पडलेले होते आणि धातू त्यांत जाऊन बसला होता. साध्या धुण्याने तो निघत नाही. नवा बीड घेऊन पुन्हा केलं, तेव्हा पूड न घालता तासाभरानेही द्रावण पिवळंच, आणि पूड घालून चाळीस मिनिटं. म्हणजे पूड काम करत होती, पण मी फुशारकी मारत होते तितकं नाही.

माझ्यापेक्षा कितीतरी मोठी माणसं यात फसली आहेत. सुझुकी जोडणी, म्हणजे दोन कार्बनी रेणू एकमेकांना जोडणं, ही पॅलेडियमची खास अभिक्रिया. २०१० च्या नोबेलमध्ये तिचा वाटा आहे. २००३ मध्ये एका गटाने ती पॅलेडियम, लोह यांच्या गटातल्या कोणत्याही संक्रमण धातूशिवाय होते असं छापलं. २००५ मध्ये त्याच गटाने खुलासा केला, की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात ५० भाग पॅलेडियम होतं आणि तेवढंच पुरत होतं. मामाला त्याच्या भाषेत सांगितलं, टनभर सोड्यात अर्धी गुंजसुद्धा नाही. स्वतःची चूक छापून मोकळं होणाऱ्या त्या गटाबद्दल मला मूळ दाव्यापेक्षा जास्त आदर आहे.

२००९ चा कार्बन नायट्राइडवरचा गाजलेला शोधनिबंध, दृश्य प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन काढल्याचा, तोही सगळे ‘धातूविना’ म्हणून सांगतात. पण हायड्रोजन भरपूर मिळावा म्हणून त्या पुडीवरही थोडं प्लॅटिनम चढवलं होतं. लेखकांनी ते लपवलेलं नाही, सांगणारे गाळतात.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ‘नाही’ असं मी म्हणत नाही. मी आकडा सांगते. पूड आयसीपी-एमएसमध्ये, म्हणजे अगदी सूक्ष्म प्रमाणातला धातूही मोजणाऱ्या यंत्रात तपासून लोह किती, पॅलेडियम किती ते लिहिते, आणि तेवढाच धातू मुद्दाम घालून पुडीशिवायही प्रयोग करते. कोणी ‘धातूविरहित’ एवढंच लिहून थांबला असेल, तर मी पुढचं पान उलटत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत आता नव्या बीडचा वेगळा डबा आहे. मुलं त्याला सोवळ्याचा डबा म्हणतात. हे सगळं ऐकून मामा हसला नाही. त्याच्या पेढीतला केरही झारेकरी पैसे देऊन विकत न्यायचे, त्यातून सोनं काढायला. त्याने एवढंच विचारलं, “आणि ते जुने बीड? फेकले नाहीस ना गं?”