फाडाफाडी न करता पोट परत आवळता येतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझं गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन उतरवायला जठर लहान करून आतड्याची वाट बदलायचं ऑपरेशन, होऊन बरीच वर्षं झाली. भुसावळ, यावल, रावेरकडे ज्यांचं म्हणून हे ऑपरेशन झालंय, त्यांच्यापर्यंत माझा नंबर कसा पोचतो कोण जाणे. लग्नात हात धुताना कोपऱ्यात ओढून विचारतात, दुपारी डोळा लागला की फोन करतात. प्रश्न एकच असतो: पहिल्या वर्षी चतकोर भाकरीत पोट गच्च व्हायचं, आता आख्खी खाऊनही जागा उरते, वजन परत चढायला लागलंय, तर पुन्हा ऑपरेशन न करता ते आधीसारखं होईल का? एका मावशींनी तर फोन उचलल्या उचलल्या, "आते पोटच भरत नही वं माय," एवढंच म्हटलं.

होतं, बऱ्याच अंशी. पण नेमकं काय सैल झालंय ते आधी बघावं लागतं, आणि तिथेच लोक घाई करतात.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची साधारण 30 मिलीलिटरची पिशवी करतात, तिला डॉक्टर पाउच म्हणतात. ती थेट लहान आतड्याला जोडतात आणि जोडाचं तोंड 10-12 मिलिमीटरचं ठेवतात. घास पिशवीत थांबतो आणि पोट भरल्यासारखं वाटतं, ते या अरुंद तोंडामुळे. काही वर्षांनी पिशवी थोडी ताणते, तोंड रुंदावतं. ते 15 मिलिमीटरच्या पुढे गेलं की अन्न थांबतच नाही, सरळ खाली उतरतं. क्वचित पिशवी आणि आत बाजूला ठेवलेलं जुनं जठर यांच्यात परत वाट पडते. मग खाल्लेलं जुन्याच घरी जातं. हे सगळं दुर्बीण तोंडावाटे आत घालून किंवा बेरियम पाजून एक्स-रे काढला की दिसतं. त्याआधी कोणी गोळ्या, काढे, पावडर सुचवली तर पैसे खिशातच ठेवा.

बऱ्याच जणांच्या बाबतीत दुर्बिणीत फारसं काही निघत नाही. तोंड ठीक, पिशवी ठीक, तरी पोट भरत नाही. यावर मी जरा सविस्तर बोलते, कारण हे आपल्याकडचं दुखणं आहे.

आपलं लग्नाचं जेवण घ्या. बट्टी कुस्करायची, त्यावर वरण, वरणावर तुपाची धार, शेजारी घोटलेली वांग्याची भाजी. सगळं मऊ, सगळं ओलं, वर सगळं तुपातेलाचं. असं अन्न त्या तोंडातून अडखळत नाही, घसरत जातं. शेवभाजीचं तेच. शेव रश्श्यात भिजून विरघळली की ती खाल्ली काय आणि प्यायली काय. भरीत आणि मऊ खिचडीही तशीच. केळीचे वेफर्स कुरकुरीत असले तरी चावले की पीठच होतं; आमच्याकडे ओसरीवर बसल्या बसल्या पाकीट संपतं आणि पोटाला पत्ताही लागत नाही. उलट कळण्याची भाकरी घ्या, तिच्यासोबत सुक्या मटकीची उसळ, अंडं, पनीर किंवा कोंबडीचे दोन तुकडे घ्या आणि नीट चावा. ते अन्न थांबतं. आधी प्रथिनं, मग भाजी, भाकरी शेवटी, हा क्रम ऑपरेशननंतर सगळ्यांनाच सांगितलेला असतो. पाहुणे आले की तो आधी मोडतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या वर जातो, तेव्हा ताटाशेजारी तांब्या ठेवू नका म्हणणं सोपं, पाळणं कठीण. पण घासाबरोबर पाणी गेलं की पिशवीतलं सगळं पातळ होऊन निघून जातं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, मधल्या वेळात घोट घोट भरपूर. एवढ्या एका बदलाने अर्ध्या भाकरीत थांबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ताक हे जेवणच आहे, पाणी नाही, हेही घरच्यांना सांगावं लागतं.

मोबाइलवर "पाच दिवसांत पाउच रिसेट" असे व्हिडिओ फिरतात. पाच दिवस पातळ पिऊन पिशवी आवळत नाही. ताणलेली जागा उपासाने परत शिवली जात नाही. गोडाची आणि चटकमटक खाण्याची साखळी तुटली, तर तेवढाच फायदा.

आता खरोखरच तोंड रुंद निघालं तर. माझं तसं निघालं आणि मी ते तोंडावाटे शिवून घेतलं. भूल देतात, दुर्बिणीच्या टोकाला शिवायचं यंत्र असतं. जोडाच्या कडेकडेने टाके घेऊन बटव्याची नाडी ओढावी तसं तोंड ओढून 8-10 मिलिमीटरवर आणतात. पोटावर एक टाका नाही. घसा काही दिवस खवखवला, पोटात कळा आल्या. मग काही आठवडे फक्त पातळ आणि घोटलेलं, कारण टाके पक्के होईपर्यंत घट्ट घास गेला तर ते उसवतात. माझी वेळ नेमकी आमरसाच्या दिवसांत आली. रस पातळ असतो म्हणून चालेल, असं जाऊबाईंचं म्हणणं. पण साखरेने बायपासवाल्याला डंपिंग होतं, घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं पडावं लागतं. मी मुगाच्या कढणावर राहिले.

दुसरा प्रकार आर्गॉन वायूच्या झोताने तोंडाची कड भाजण्याचा. भाजलेली जागा भरून येताना आकसते आणि तोंड बारीक होतं. एकदा करून भागत नाही, काही आठवड्यांच्या अंतराने परत करतात. काही ठिकाणी दोन्ही मिळून करतात. पूर्वी कडेला इंजेक्शन देऊन व्रण आणायचेही, ते आता मागे पडलंय.

किती उतरतं? 100 किलोच्या माणसाचे वर्षभरात 8-10 किलो, हा अंदाज धरून चालावं. पहिल्या ऑपरेशनसारखे 30-40 किलो कोणी सांगत असेल तर तो विकायला बसलाय. त्या वेळी नुसतं पोट लहान झालेलं नसतं. आतड्याची वाट बदलल्याने भुकेची संप्रेरकंही बदललेली असतात. ती लाट दुसऱ्यांदा येत नाही.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं विचारता, तर मौंजारो मार्च 2025 मध्ये आणि वेगोवी जून 2025 मध्ये आपल्याकडे आलं. ही पोट आवळत नाहीत, भूकच कमी करतात, आणि बायपासनंतर वजन परत चढलेल्यांनाही डॉक्टर देतात. तोंड जागेवर असूनही दिवसभर खा-खा होत असेल तर शिवण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून मात्र घेऊ नका. आधीच बी-12, लोह, कॅल्शियम कमी पडणारं शरीर आपलं, त्यात जेवणच सुटलं तर केस आणि ताकद दोन्ही जातात. फुग्याचंही बरेच जण विचारतात. जठरात ठेवायचा फुगा आपल्यासाठी नाही. एवढ्याशा पिशवीत तो मावणार कुठे?

तोंड आवळल्यावर उलट्या थांबत नसतील तर "बसेल हळूहळू" म्हणत घरी बसू नका. सतत उलट्यांनी बी-1 संपतं आणि नसांवर, मेंदूवर परिणाम होतो. आणि गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक, जोडीला तंबाखूची मिश्री, हे चालू असेल तर ते आधी सांगा. त्याने जोडावर अल्सर होतो, आणि अल्सर असताना कोणी टाके घालत नाही.

जाताना जुनं डिस्चार्ज कार्ड न्या. आतडं किती लांब वळवलं, पिशवीभोवती रिंग टाकली होती का, हे डॉक्टरांना त्यातूनच कळतं. केळीच्या पट्टीच्या पावत्या आपण वर्षानुवर्षं जपतो आणि हे एक कार्ड तेवढं कोणाकडे सापडत नाही. नसेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथे आजच फोन करा. जुनी फाईल शोधायला त्यांनाही वेळ लागतो.