पासवर्ड बदलला, तरी चोर आतच

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटच्या मालकांचा फोन आला. "चेन्नईची पार्टी म्हणतेय पेमेंट कालच केलं. आमच्या खात्यात रुपया नाही. नवीन बँकेत टाकले म्हणतात. आमची कसली नवीन बँक?"

मी म्हणालो, "साहेब, आधी त्यांना १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायला सांगा. पैसे त्यांच्या खात्यातून गेलेत, तक्रारही त्यांचीच लागेल. मी निघालोच."

पोचलो तेव्हा मालकांनी हिशेब बघणाऱ्या ताईंच्या मेलचा पासवर्ड बदलून टाकला होता. धोका टळला, असं सगळ्यांना वाटत होतं. मी मायक्रोसॉफ्ट ३६५ मधले ताईंच्या मेलबॉक्सचे नियम उघडले. तिथे एक नियम होता, नाव म्हणून फक्त एक टिंब. चेन्नईहून येणारी प्रत्येक मेल 'वाचलेली' अशी खूण करून थेट आरएसएस फीड्सच्या फोल्डरमध्ये टाकायची. त्या फोल्डरमध्ये कोण कशाला डोकावतंय!

तिथलं वाचून फार वाईट वाटलं. चेन्नईवाल्यांनी विचारलं होतं, "खाते क्रमांक बदललाय का? कृपया खात्री करा." आणि ताईंच्याच पत्त्यावरून चोराने उत्तर दिलं होतं, "होय, ऑडिटमुळे जुनं खातं तूर्त बंद आहे." सोबत कंपनीच्या लेटरहेडवर शिक्क्यासकट पत्र. म्हणजे समोरच्याने चौकशी केली होती, पण ज्या दारातून चोर शिरला त्याच दारात.

टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर कोडही मागणारी पडताळणी, चालू असूनही हे घडलं. खोट्या लॉगिन पानाने पासवर्ड आणि कोड दोन्ही त्याच क्षणी खऱ्या पानाकडे पोचवले आणि सुरू झालेलं लॉगिन चोराने उचललं. मग त्याने स्वतःचा फोनही ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनला मंजुरी देणारं साधन, म्हणून जोडून ठेवला. पासवर्ड बदलल्याने तो फोन निघत नाही, नियमही पुसला जात नाही. आधी लॉगचे, म्हणजे कोण कधी कुठून शिरलं त्या नोंदींचे, पुरावे जपून ठेवले, मग तो फोन आणि नियम दोन्ही हटवले, सगळीकडची लॉगिन तोडली, कुठल्या ॲपला परवानगी दिली गेलीय का तेही तपासलं. बाहेर आपोआप मेल फॉरवर्ड होणं बंद केलं. मालक आणि ताई दोघांना पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी आपल्याच फोन-संगणकाच्या लॉकने होणारं लॉगिन, लावून दिली. ती बनावट पत्त्यावर चालतच नाही.

मालक ताईंवर भडकले होते. मी स्पष्ट सांगितलं, यात त्यांना बोल लावू नका. ती लिंक नेहमीच्या सप्लायरच्या खऱ्या पत्त्यावरून, 'कोटेशन' म्हणून आली होती. आज त्यांना झापलंत तर पुढच्या वेळी काही संशयास्पद दिसलं तरी कोणी तोंड उघडणार नाही.

दुपारी कळलं, काही रक्कम बँकेने गोठवली. उरलेली तोवर पुढच्या खात्यांत पांगली होती. गोठलेले पैसे सोडवायलाही कागदपत्रांचं काम होतंच. ताईंनी एकेका ग्राहकाला जुन्या नंबरवर फोन करून सांगितलं, आमची बँक बदललेली नाही.

मी सप्लायरला फोन लावला. आपल्या खात्यातून अशा मेल जातायत, याचा त्यांना पत्ताच नव्हता. संध्याकाळी चाकणला त्यांच्याकडे गेलो आणि काम उरकूनच उठलो, कारण त्यांच्या संपर्कयादीत असली कितीतरी छोटी युनिट्स होती आणि 'कोटेशन' त्या सगळ्यांना गेलं होतं.