यादी होती, पण वाचता येत नव्हती

आमच्या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी संगणकावर होती, पण ती कुणालाच वाचता येत नव्हती. मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हा एक सीडी हातात आली. तिच्यात वर्षवार एक्सेलच्या फाइली, आणि फाइल उघडली की रोमन अक्षरं, टक्के, कंस, डॉलर यांचा नुसता खच. ज्या डीटीपी फॉन्टमध्ये कुणीतरी ही सगळी पुस्तकं टाइप केली होती, तो फॉन्ट जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेला होता. दाखल नोंदवहीच्या जाडजूड वह्या कपाटात होत्या. पण पंधरा-सोळा हजार पुस्तकं नव्याने टाइप करायची तर माणूस कुठून आणायचा? तालुक्याच्या गावातलं ब वर्गाचं वाचनालय. अनुदान येतं तेव्हा त्यातून पगार, मासिकांची बिलं आणि छपराची गळती एवढंच भागतं.

माझं शिक्षण बी.कॉम. आणि ग्रंथालयाचा प्रमाणपत्र वर्ग. एमएस-सीआयटी झालेलं, म्हणजे वर्ड आणि एक्सेल यायचं. इंजिनिअरिंगला असलेला भाचा सुट्टीला आला होता. आमच्या मशीनवर विंडोज धड चालत नव्हतं म्हणून त्याने त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली घालून दिली. मी त्याला तो फॉन्ट कुठे मिळतो का बघायला सांगितलं, तर म्हणाला, "मावशी, फॉन्ट शोधत बसू नकोस. फॉन्ट मिळाला तर दिसेल सगळं, पण शोधता काहीच येणार नाही. आतला मजकूरच बदलायला हवा, आणि ते काम माउसने नाही व्हायचं."

गंमत अशी की भारतीय लिप्या संगणकात साठवण्यासाठी 'इस्की' हे मानक 1991 सालीच आलं होतं. पण डीटीपीवाल्यांचं काम छापून निघाल्याशी. त्यांच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे काढून ठेवलेले असत. अर्धा ग एका जागी, त्याची उभी रेघ दुसऱ्या जागी. दोन्ही टाइप केलं की ग दिसतो. 'ओ' म्हणजे अ, काना आणि मात्रा असे तीन तुकडे. कागदावर सगळं झकास, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची रास.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करून संगणकाला काम सांगायची खिडकी, शिकायला मी आधी गावातल्या एका क्लासात गेले. तिथे शंभरेक कमांडचा छापील कागद देऊन पाठ करायला सांगितलं. कामाशिवाय कमांड पाठ करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. खरा उपयोग झाला तो आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाच्या चित्रफितींचा. छोट्या छोट्या, फुकट, आणि मराठी निवेदनातही मिळतात. निम्म्या पडद्यावर चित्रफीत, निम्म्यावर टर्मिनल. निवेदक करेल तसं आपण करायचं. फाइली बघायच्या, फोल्डर बदलायच्या, नकला करायच्या आणि हलवायच्या एलएस, सीडी, सीपी, एमव्ही या कमांड दोन-चार बसण्यांत हाताला बसल्या. टॅब दाबला की फाइलचं नाव पुरं होतं आणि कंट्रोल-आर दाबला की मागे दिलेली कमांड शोधता येते, या दोन गोष्टी मात्र मला फार उशिरा कळल्या. त्या पहिल्याच दिवशी शिकवायला हव्यात. तसंच कंट्रोल-एस. सवयीने फाइल सेव्ह करायला म्हणून दाबलं की टर्मिनल गोठल्यासारखं होतं. प्रत्यक्षात ते फक्त थांबलेलं असतं आणि कंट्रोल-क्यूने पुन्हा चालू होतं. हे ठाऊक नसलेला माणूस सरळ मशीनच बंद करतो.

एक्सेलच्या फाइली सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, करून घेतल्या आणि त्यांच्यापुढे सेड ही कमांड घेऊन बसले. सेड ओळीमागून ओळ वाचतो आणि सांगितलेले बदल करत जातो. एका फाइलीत मी बदलांची यादी लिहायला घेतली: अमुक चिन्हाचा ग, तमुकाचा अर्धा श. कुठलं चिन्ह कशाचं, हे दाखल नोंदवही शेजारी उघडून ताडून पाहिलं. इथे क्रमाला फार महत्त्व. दोन चिन्हांची जोडी आधी बदलायची, सुटं चिन्ह नंतर. उलट केलं तर अर्धा ग वेगळा होतो आणि त्याची रेघ काना होऊन बसते.

खरी कसोटी पहिल्या वेलांटीची. फॉन्टमध्ये ती दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या आजच्या सामायिक मानकात, ती अक्षराच्या नंतर साठवतात, डावीकडे दाखवायचं काम संगणक करतो. 'दिवस'मध्ये ती एक अक्षर ओलांडून पलीकडे टाकली की झालं. 'स्थिती'त मात्र तिला अर्धा स आणि थ असं अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. म्हणून रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर शोधायचा साचा, असं लिहिलं: वेलांटी, तिच्यापुढे व्यंजन-आणि-हलन्त अशा कितीही जोड्या, शेवटी एक पूर्ण व्यंजन, वेलांटीनंतरचं हे सगळं कंसात धर आणि वेलांटी कंसाच्या नंतर नेऊन ठेव. रफाराचं याच्या बरोबर उलट. 'मूर्ती' टाइप करताना म, ऊकार, त, वेलांटी आणि सगळ्यात शेवटी रफार. युनिकोडला तो र त-च्या आधी हवा. म्हणजे रफाराला वेलांटी आणि त ओलांडून मागे आणायचं. हे दोन नियम बसले आणि पडद्यावर 'सूर्य' सूर्यासारखा दिसला तेव्हा मी टेबलावर थाप मारली. वाचनकक्षातल्या दोघा-तिघांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून पाहिलं.

एवढं करूनही काही ओळी जुळेचनात. कारण निघालं लोकॅल. मशीनची भाषा नुसती 'सी' ठेवलेली असली तर सेडला देवनागरी अक्षर दिसतच नाही, त्याला सुटे बाइट दिसतात. युनिकोडची चिन्हं बाइटांत साठवायची यूटीएफ-8 ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 साली आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. डब्ल्यूसी कमांडला बाइट मोजायला सांगा, पंधरा येतील. अक्षरं मोजायला सांगा, पाच येतील. आणि आपल्या डोळ्यांना तर तीनच दिसतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे घोळ आपोआप उलगडतात. उदाहरणार्थ, आमच्या मशीनवरची कट कमांड अक्षरं काप म्हटलं तरी बाइटच कापते आणि शब्दाच्या टोकाला चौकोनातलं प्रश्नचिन्ह उगवतं.

शिवाय टर्मिनलमध्ये देवनागरी तुटकी दिसते, वेलांट्या भलतीकडे जातात. ते पाहून आपलंच चुकलं असं समजायचं नाही. तीच फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून बघायची. डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा ओळी शोधणाऱ्या ग्रेप कमांडला कामाला लावलेलं बरं. शब्दाच्या सुरुवातीलाच काना-वेलांटीसारखं स्वरचिन्ह आहे किंवा दोन स्वरचिन्हं लागोपाठ आली आहेत अशा ओळी दाखव, असं त्याला सांगितलं. मराठीत असं होतच नाही, त्यामुळे तो दाखवेल ती ओळ बिघडलेलीच.

पाइपची ताकद कळली ती लेखकांच्या नावांवर. लेखकांचा स्तंभ वेगळा काढला, तो क्रम लावणाऱ्या सॉर्टला दिला, सॉर्टचं आउटपुट सारख्या ओळी एकत्र करणाऱ्या युनिकला, आणि कोणतं नाव किती वेळा आलं ते मोजून घेतलं. एकच लेखक सहा-सात रूपांत समोर: आडनाव आधी, आडनाव नंतर, आद्याक्षरांपुढे टिंब आहे, नाही, टिंबानंतर जागा आहे, नाही. डग मॅकिलरॉय यांची ही पाइपची कल्पना युनिक्समध्ये 1973 साली आली. एका कमांडचं उत्तर दुसरीच्या तोंडी, इतकी साधी. एक्सेलमध्ये याला मला आठवडा लागला असता.

हेच सगळं दरवर्षीच्या प्रत्येक फाइलीवर करायचं म्हणून बॅशची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, लिहिली. फाइलींच्या नावांत मोकळ्या जागा होत्या, 'पुस्तके 2004' अशा. लूपमध्ये फाइलचं नाव धरणारं चल (व्हेरिएबल) अवतरणचिन्हांत घातलं नाही तर बॅश त्याच्या दोन फाइली समजतो. भाच्याने त्याच्या विंडोजच्या लॅपटॉपवरून एक स्क्रिप्ट पाठवली, ती 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून अडून बसली. विंडोज ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा चिन्ह ठेवतं. ते काढून टाकणारं डॉसटूयुनिक्स चालवलं, स्क्रिप्ट चालू झाली. चूक सांगणारा संदेश शांतपणे शेवटपर्यंत वाचला की निम्म्या वेळा उत्तर त्यातच असतं.

यादी शुद्ध झाल्यावर प्रश्न आला, ती वाचकांना दिसणार कशी? तिथे अपाची हा वेब सर्व्हर, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि पीएचपी ही भाषा, असे तिघं आले. पीएचपीचं पान सर्व्हरवर चालतं आणि दर वेळी नवं एचटीएमएल तयार करून ब्राउझरला पाठवतं, एवढं कळलं की भीती जाते. त्याच क्लासातल्या नोट्स मी उघडल्या, तर पहिल्याच ओळीत 'मायएसक्यूएल कनेक्ट' हे फंक्शन आणि पडद्यावर 'अनडिफाइन्ड फंक्शन'. पीएचपी 7 आलं 2015 साली, त्यात ही जुनी फंक्शनं काढूनच टाकली. क्लास मात्र तीच शिकवत होता. मी पीडीओ ही पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची दुसरी रीत शिकले आणि ते बरंच झालं. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये प्रश्नाचा सांगाडा वेगळा जातो आणि वाचकाने टाइप केलेला शब्द वेगळा. जुन्या रीतीने शब्द वाक्यात चिकटवला असता, तर इंग्रजी पुस्तकाच्या नावातल्या एका ॲपॉस्ट्रॉफीनेसुद्धा क्वेरी मोडली असती, आणि कुणी मुद्दाम काही खोडसाळ टाइप केलं असतं तर अख्खी यादी धोक्यात आली असती.

पहिल्या शोधात मराठीऐवजी नुसती प्रश्नचिन्हं आली. डेटाबेस, टेबल आणि पीडीओचं कनेक्शन या तिन्ही ठिकाणी 'यूटीएफ8एमबी4', म्हणजे मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-8, लिहावं. एखादं राहिलं तरी मराठी मरू शकते. त्यानंतर उगवले खरे मराठी प्रश्न. 'दुसऱ्या' शोधलं तर निम्मी पुस्तकं गायब, कारण तो अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साध्या र-नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. 'ॲ'चंही तसंच, युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली 2008 साली, त्याआधीची मंडळी अ-वर चंद्र देत. दोन्ही दिसायला सारखे, मशीनला मात्र अगदी वेगळे. शेवटी साठवतानाही आणि शोधतानाही सगळं एकाच रूपात आणणारं छोटं फंक्शन लिहिलं.

मग वर्णमाला. युनिकोडमध्ये ळ हा ल-च्या लगेच पुढे बसवलेला आहे, आपल्याकडे तो ह-नंतर येतो. वाचनालयात अनुक्रम चुकलेला वाचक खपवून घेत नाही. टेबलात एक लपवलेला स्तंभ ठेवला, त्यात ळ-च्या जागी अवग्रह घातला, कारण युनिकोडमध्ये अवग्रह ह-च्या पुढे येतो. क्ष आणि ज्ञ-साठीही अशीच सोय केली. यादी त्या स्तंभावर लावायची, दाखवायचं खरं नाव.

वाचनकक्षात मशीन ठेवल्यावर एक आजोबा म्हणाले, "ताई, कीर्तनावरचं एकही पुस्तक नाही तुमच्याकडे?" त्यांनी 'किर्तन' टाइप केलं होतं. आता दर चौथा माणूस तेच टाइप करतो. त्यांना शुद्धलेखन शिकवणं हे माझं काम नव्हे. आणखी एक लपवलेला स्तंभ केला: त्यात सगळे दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करून ठेवले आणि शोधशब्दावरही तोच संस्कार. 'दिन' शोधलं की 'दीन'ही येतं, पण न सापडण्यापेक्षा ते परवडलं.

बॅकअपचं थोडक्यात. डेटाबेसची नक्कल काढणाऱ्या मायएसक्यूएलडंपची स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, घातली. क्रॉनच्या वेळापत्रकात (क्रॉनटॅबमध्ये) टक्क्याचं चिन्ह म्हणजे ओळ संपली असा अर्थ होतो, त्यामुळे तारीख घालायची कमांड तिथे थेट न लिहिता स्क्रिप्टच्या आत ठेवायची. आणि रात्री दोनची वेळ सगळीकडे उदाहरणात देतात. आमचं मशीन रात्री बंद असतं. संध्याकाळी साडेसहाला, वाचनालयात गर्दी असताना, बॅकअप होतो.

देवघेव आणि वर्गणी अजून वहीतच आहे. कार्यवाह विचारतात, "मॅडम, तेही टाकून द्या की त्यात." पण पैसे आणि सभासदांचे फोन नंबर म्हटले की लॉगिन आलं, सेशन आलं, पासवर्ड हॅश करून ठेवणं आलं, कुणी काय बदललं याची नोंद आली. ते कुणा जाणत्याकडून तपासून घेतल्याशिवाय मी चालू करणार नाही, असं त्यांना सांगितलंय. सध्या जुन्या मासिकांची यादी हाती घेतली आहे. ती भलत्याच दुसऱ्या फॉन्टमध्ये टाइप केलेली निघाली, तेव्हा सेडची नवी फाइल लिहिणं चालू आहे. पहिली वेलांटी आणि रफाराचे नियम तेवढे जसेच्या तसे चालतात.