यादीतल्या क्रमाने कैलासकडे

कैलास-मानसरोवरला सरकारी यात्रेतून जाणाऱ्याकडून परराष्ट्र मंत्रालय सहीचे तीन कागद मागतं. एक, नोटरी केलेलं हमीपत्र. दुसरं, वाटेत हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र. आणि तिसरं संमतीपत्र: चीनच्या हद्दीत मृत्यू आला तर अंत्यसंस्कार तिथेच करायला हरकत नाही.

पहिले दोन कागद जळगावच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याकडे बसल्या बसल्या तयार होतात. तिसऱ्यावर मात्र तिथल्या बाकड्यावर घाईत सही करू नये. तो घरी न्यावा, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा आणि मगच सही करावी. आमच्या खान्देशात माणूस सुरतेत गेला काय किंवा पुण्यात, रात्रीतून गाडी करून त्याला गावी आणतात. भाऊबंद जमल्याशिवाय कुणी पुढचं काही करत नाही. हिमालयापलीकडून ते होणार नाही. तिथून पार्थिव आणायचं तर दोन देशांच्या परवानग्या लागतात, रस्त्याचेच कित्येक दिवस जातात. ही गोष्ट घरच्यांना आधी माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे. कैलासला जाऊन आलेले लोक परिक्रमेतल्या उंच डोल्मा खिंडीबद्दल तासभर बोलतात, या कागदाबद्दल चकार शब्द काढत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

मुद्रांकाचं एक सांगून ठेवतो. जुन्या नमुन्यांत हमीपत्रासाठी शंभराचा मुद्रांक लिहिलेला दिसेल. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर-दोनशेऐवजी किमान पाचशेचा मुद्रांक आला, त्यामुळे शंभराचा शोधत फिरू नका. हे कागद नसतील तर दिल्लीत रुजू होऊनही पुढे जाता येत नाही.

सरकारी यात्रा २०२० पासून बंद होती, ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीमार्गे ५० जणांच्या ५ तुकड्या आणि सिक्कीममधल्या नाथू ला खिंडीमार्गे १०, म्हणजे सगळे मिळून ७५०. अर्ज आले ५,५६१. निवड संगणकावरच्या सोडतीने होते, तिथे आमदार-खासदाराची चिठ्ठी चालत नाही, आणि ते योग्यच आहे. अर्ज ऑनलाइन करायचा. वय त्या वर्षाच्या १ जानेवारीला १८ ते ७० च्या दरम्यान हवं. पासपोर्ट भारतीयच हवा आणि १ सप्टेंबरला त्याची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. पुष्कळ जण या मुदतीवर अडकतात, कारण पासपोर्ट 'चालू आहे' एवढंच बघतात. नूतनीकरणात पोलीस पडताळणी निघाली तर गावच्या ठाण्यात कागद किती दिवस राहील याचा भरवसा नाही. म्हणून हे काम दिवाळीनंतर लगेच हातावेगळं करावं, उन्हाळ्यापर्यंत ठेवू नये.

निवड झाली म्हणजे यात्रा झाली असंही नाही. दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते: रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, पट्ट्यावर चालवून हृदयाची चाचणी, फुप्फुसांची क्षमता. पुढे उंचीवर गेल्यावर पुन्हा तपासतात, आणि तिथे रक्तदाब वर दिसला तर तिथूनच परत पाठवतात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या वर चालत नाही. म्हणजे उंची १६५ सेंटिमीटर असेल तर वजन ६८ किलोच्या आसपास, १७० असेल तर ७२. हा आकडा एका महिन्यात खाली येत नाही. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, आणि डोल्मा खिंड ५,६०० मीटरच्या वर. आमच्याकडे सरावाला जवळ चढ म्हणाल तर तोरणमाळ, तेही साधारण ११५० मीटर. पाय तयार होतील, विरळ हवेची सवय मात्र तिथे होणार नाही.

सोडतीत नाव लागलं नाही की माणसं नेपाळमार्गे खासगी कंपनीकडे वळतात. भुसावळहून गोरखपूरची गाडी, सोनौलीला नेपाळची हद्द, काठमांडू, मग रसुवागढीच्या नाक्यावरून तिबेटमधलं केरुंग. नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही, तिबेटसाठी पासपोर्ट लागतोच. मतदार ओळखपत्रावर काठमांडूपर्यंत पोहोचाल, पुढे नाही.

इथून पुढे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते. तिबेटमध्ये परदेशी माणसाला एकट्याने फिरता येत नाही. आपण तिथे गट म्हणून जातो, आणि चीनचा व्हिसासुद्धा गटालाच मिळतो. पासपोर्टवर वेगळा शिक्का नाही; एका स्वतंत्र कागदावर सगळ्यांची नावं, पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारखा ओळीने छापलेल्या असतात. त्याच्याबरोबर ल्हासाच्या पर्यटन खात्याचं तिबेट परमिट, ल्हासाबाहेरच्या भागासाठी पोलिसांचा वेगळा परवाना, आणि कैलास ज्या न्गारी भागात आहे तिथे लष्कराचीही परवानगी. हे सगळं तिथली नोंदणीकृत संस्था काढते आणि मूळ कागद गाइडकडे राहतात. पासपोर्टवर आधी घेतलेला चीनचा व्यावसायिक व्हिसा असेल तर तो गटाच्या व्हिसामुळे रद्द होऊ शकतो, तेव्हा चीनमधून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी कंपनीला हे पहिल्याच फोनवर सांगावं.

केरुंगच्या चौकीवर या यादीचा अर्थ कळतो. रांग लावायची ती यादीच्या क्रमाने. नवरा चौथा आणि बायको सतरावी असेल तर तसेच उभे राहा. गाइड क्रमांक पुकारतो, माणूस पुढे जातो, चेहरा आणि बोटांचे ठसे घेतले जातात. एक जण पाणी प्यायला मागे गेला की त्याच्या मागचे सगळे थांबतात. आमच्याकडच्या गटात निम्मे पाटील, उरलेले चौधरी आणि महाजन. 'पाटील' म्हटलं की सहा जण पुढे सरकणार. म्हणून आपला क्रमांक हातावर पेनाने लिहून ठेवावा आणि फक्त क्रमांकालाच हलावं. तिथल्या अधिकाऱ्यांना घाई नसते आणि आवाज चढवलेला त्यांना आवडत नाही. आपले लोक रांगेत गप्पा मारत पुढे-मागे होतात तेव्हा साऱ्या गटाचा खोळंबा होतो, आणि त्याचा त्रास म्हाताऱ्या माणसांना होतो, जी आधीच उंचीने दमलेली असतात.

नावाचं अक्षरही इथेच नडतं. यादी पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनीय ओळींशी ताडून बघतात. आपल्याकडे बाईच्या आधारवर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, आणि कंपनीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं तिसरंच, असं सर्रास असतं. काही पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो आणि सगळं नाव एकाच ओळीत. कंपनीला नाव टाइप करून कधीच देऊ नका, पासपोर्टच्या पानाचा स्वच्छ फोटो द्या, आणि यादी तयार झाली की स्वतःची ओळ मागवून अक्षर न् अक्षर जुळवा. व्हिसा निघाल्यावर चूक सापडली तर एका माणसासाठी सगळा कागद पुन्हा करावा लागतो.

सर्वांत अवघड वेळ येते ती कुणी आजारी पडल्यावर. गट एकत्र आत जातो आणि एकत्रच बाहेर येतो. केरुंग साधारण २,८०० मीटरवर आहे, तिथून पुढचं मुक्कामाचं गाव सागा साडेचार हजारांवर. उंचीचा त्रास बहुतेक इथेच उघडा पडतो: डोकं ठणकतं, उलट्या होतात, झोप लागत नाही. अशा माणसाला लगेच खाली आणायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच त्याचं नाव त्या एकाच कागदावर बाकीच्यांबरोबर असतं. त्याला वेगळं बाहेर काढायला व्हिसा तोडून घ्यावा लागतो. त्यासाठी अर्ज, वेळ आणि पैसे तिन्ही लागतात. म्हणून केरुंगला दोन मुक्काम नसलेला कार्यक्रम मी कुणालाही घेऊ देणार नाही. एक मुक्काम वाचवून हजारभर रुपयांनी स्वस्त विकलेली यात्रा आजाऱ्याला फार महागात पडते. उंचीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, आणि सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते त्यांना न विसरता सांगा.

सामान तपासणारे मोबाइलमधले फोटोही बघू शकतात. दलाई लामांचा फोटो, त्यांचं पुस्तक, तिबेटचा जुना झेंडा, तिबेटवरचं प्रवास-मार्गदर्शक पुस्तकसुद्धा, काहीही जवळ नको. हिमाचलातल्या धर्मशाळेला, दलाई लामांच्या गावी, जाऊन आला असाल तर ते फोटो घरच्या संगणकावर ठेवून या. ड्रोन आणि सॅटेलाइट फोन घरीच. ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ चीनमध्ये नेता येत नाहीत, तेव्हा केळी आणि पेढे काठमांडूतच संपवा. घड्याळ नेपाळच्या सव्वादोन तास पुढे करायचं, कारण सगळ्या तिबेटात बीजिंगची वेळ चालते. गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या वायफायवर उघडत नाहीत. घरी ही गोष्ट आधी सांगा, नाहीतर दोन दिवस फोन नाही म्हणून इकडे रडारड सुरू होते.

कैलासभोवतीची परिक्रमा तीन दिवसांची, ५२ किलोमीटरच्या आसपास. तिच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

८ जुलै २०२५ ला पुराने रसुवागढीचा, नेपाळ आणि तिबेटला जोडणारा मितेरी पूल वाहून नेला. परमिटवर मार्ग ठरलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या नाक्याने जायचं म्हटलं की कागद नव्याने करावे लागतात. कंपनीला पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: नाका बंद पडला तर काय, व्हिसा तोडायचा खर्च कुणाचा, आणि आजारी माणसाबरोबर खाली कोण उतरणार. 'बघू ना भाऊ, काही होत नाही' असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा.