आमची वाटचाल : एक इनक्युबेटर आणि ३१ महिने

१९९८ साली जळगावात स्टँडच्या मागे आठ बाय दहाचा गाळा घेतला. कॉलेजांना चंबू-ब्युरेट पुरवायचे आणि गुरांच्या दवाखान्यातले द्रव नायट्रोजनचे, थर्माससारखे जार दुरुस्त करायचे, एवढाच धंदा. जारच्या अंगावर दव धरलं की मी नुसता हात फिरवून सांगायचो, व्हॅक्यूम गेला. पुढे केळीच्या टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत रोपं करण्याने, जिल्ह्यात जोर धरला आणि लॅमिनारच्या (गाळलेल्या स्वच्छ हवेत काम करायच्या टेबलाच्या) फिल्टरांवर आमचं घर चाललं. ती पंधरा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते २०१३ चं. आमच्या जुन्या गिऱ्हाईक, प्राणीशास्त्राच्या एक मॅडम. बिल आलं की दुसऱ्या दिवशी स्वतः पाठपुरावा करणाऱ्या. त्यांचा मूलपेशींचा (ज्यांपासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात त्यांचा) प्रकल्प राज्य सरकारच्या एका योजनेतून मंजूर झाला. बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ घ्यायची, आतली जेली बारीक चिरून बशीत चिकटवायची आणि वाट बघायची. समितीची परवानगी, आईची लेखी संमती, सगळे कागद त्यांनी आधीच करून ठेवले होते. ऑर्डर निघाली : सीओटू इनक्युबेटर (कार्बन डायऑक्साइड सोडून ३७ अंशांच्या उबेत पेशी वाढवायची पेटी), क्लास-टू कॅबिनेट (माणसाच्या पेशी सुरक्षित हाताळायचं कपाट), इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप आणि ३५ लिटरचा जार. एकूण ११ लाख ४० हजार. एवढी मोठी ऑर्डर आम्ही कधी पाहिली नव्हती. मी पेढे वाटले.

पहिला हप्ता ४ लाखांचा आला. बाकीचे पैसे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचे पैसे ठरल्या कामाला लागले याचा दाखला, गेल्यावर. ते ऑडिटरच्या सहीशिवाय चालेना, सही मिळेपर्यंत मार्च उलटला, आणि नव्या वर्षात उत्तर आलं की या शीर्षाखाली तरतूद नाही. मशिनं तर बसवून झालेली. मुंबईच्या डीलरला दिलेले माझे दोन चेक परत गेले, बँकेने सीसी, म्हणजे धंद्यासाठीची कॅश क्रेडिटची उचल, गोठवली. ओम्नी विकली. दोन पोरं कामाला होती, त्यातला एक सोडून गेला आणि माझीच दरपत्रकं घेऊन नाशिकला दुकान थाटून बसला. पुढच्याच टेंडरात त्याने एका कॉलेजला कॅबिनेटच्या भावात साधा आडवा लॅमिनार विकला. आडव्या लॅमिनारची हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. माणसाच्या पेशी त्यात हाताळायच्या नसतात, हे त्याला मीच शिकवलं होतं. पण एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाव भरणारा, तो ठरला.

गाडी गेल्यावर नायट्रोजनचा जार मी एम-८० ला बांधून नेऊ लागलो, दूधवाले कॅन नेतात तसा. सिग्नलला थांबलं की झाकणाकडून पांढरी वाफ निघायची. एकाने विचारलं, "काय भो, दूध तापवून नेतोस का?" उणे १९६ अंश आहे म्हटल्यावर तो हसत निघून गेला.

नाळेचे तुकडे बशीत चिकटवल्याच्या अकराव्या दिवशी मॅडमनी मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. नाळेच्या तुकड्याच्या कडेने लांबट पेशी बाहेर पडलेल्या, गिरणेच्या उथळ पाण्यात मासोळ्यांचा थवा दिसावा तशा. बशीतलं माध्यम, म्हणजे पेशींना खायला घातलेलं पाणी, गुलाबीचं पिवळट झालं होतं, म्हणजे पेशी खातायत. माझे अडकलेले जवळजवळ साडेसात लाख तिथे पोहत होते.

त्या दिवशी मॅडमनी कॅलिफोर्नियाचं सांगितलं. अमेरिकेत २००१ मध्ये केंद्राने भ्रूणाच्या मूलपेशींसाठीचा पैसा आखडता घेतला, तेव्हा तिथल्या लोकांनी २००४ मध्ये राज्यात मतदान करून ३ अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले. मंजूर झाले, पण कोर्टकज्जे लागले आणि २००७ पर्यंत रोखे अडकले. मधल्या काळात दानशूर संस्थांनी आणि राज्याच्या तिजोरीने उसने दिले, म्हणून संशोधन तगलं. मी म्हटलं, "मॅडम, इथला दानशूर मीच की." त्या हसल्या नाहीत. त्या महिन्यापासून स्वतःच्या पगारातून सीओटू सिलिंडरचे पैसे मला रोख देऊ लागल्या.

नव्या पोरांना सांगतो, अनुदानाच्या ऑर्डरीवर मंजुरीपत्र बघू नका, किती हप्ता खात्यात जमा झालाय ते बघा. मशीन घ्यायला पैसा मिळतो. गॅस, फिल्टर, एसी आणि वीजबिल यांना कोणी विचारत नाही. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशोब तर कुठल्याच प्रस्तावात नसतो. साध्या सीओटू इनक्युबेटरला हीटर असतो, थंड करायची सोय नसते. खोली ४२ वर गेली की आतले ३७ टिकत नाहीत. म्हणून कोणी कूलर लावतो. लावू नका. ओल्या ताट्यांतून बुरशी येते आणि तीन महिन्यांचं काम दोन दिवसांत काळं पडतं.

शेवटचा चेक ३१ महिन्यांनी आला. त्यात पुरवठा चार दिवस उशिरा झाला म्हणून विलंब दंड कापलेला होता.

मॅडम आता निवृत्त आहेत, मशीन चालू आहे. परवा मे महिन्यातल्या दुपारी त्यांच्या विद्यार्थ्याचा फोन आला, "काका, एसी गेलाय, इनक्युबेटर ३९ दाखवतोय. शिपाई कूलर आणतोय." म्हटलं, दारातच अडव त्याला, मी निघालो.