२८ मिलिमीटरचे शिपाई : आमची वाटचाल

टेबलावरच्या युद्धखेळांचे छोटे शिपाई आम्ही घडवतो आणि रंगवतो. नागपूरच्या महाल भागात आमच्या दोन खोल्या आहेत आणि कूलर फक्त एकीत आहे. नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला की कामावर आलेली नवीन मुलगी हमखास विचारते, ओतकामाच्या खोलीत कूलर का नाही? त्या खोलीत आम्ही पॉलियुरेथेन रेझिन ओततो. त्याला हवेतला ओलावा लागला की ते फसफसतं आणि मूर्तीच्या पोटात बुडबुडे धरतात. कूलर तर ओलावाच फेकतो. रंगाच्या खोलीत मात्र तोच ओलावा हवा असतो, कारण मे महिन्यात अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळून जातो. म्हणून इकडे वाळ्याचा कूलर, तिकडे नुसता पंखा, आणि ओतकाम पहाटे. ऊन चढलं की रेझिन साच्यात नीट पसरायच्या आतच पकडतं. स्प्रेचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला हात, तर आम्ही एप्रिल-मेमध्ये हातातही घेत नाही. रंग हवेतच सुकतो आणि मूर्तीवर साखर पेरल्यासारखा बसतो. त्या दोन महिन्यांत एअरब्रश, नाहीतर सरळ हाताने ब्रश.

हे सगळं परदेशातल्या पुस्तकी सूचनांत सापडत नाही. त्या सूचना थंड गावांत बसून लिहिलेल्या असतात. आमची पद्धत आम्ही २०११ पासून इथल्या उन्हात, इथल्या पावसाळ्यात बसवली आहे आणि तिचा मला अभिमान आहे.

टेबलावरच्या युद्धखेळांसाठी लागणारे शिपाई, घोडेस्वार, तोफा आणि ते ज्या जमिनीवर लढतात ती जमीन, म्हणजे टेरेन, हे आमचं काम. सुरुवात झाली ती फक्त रंगकामापासून. धरमपेठेतली काही मुलं बाहेरून मागवलेल्या मूर्ती रंगवायला आणून द्यायची. डोळे कोणालाच जमत नसत. डोळ्याची युक्ती सांगते, कारण अजूनही लोक चुकीच्या क्रमानं करतात: आधी डोळ्याची जागा मळकट पांढरी करायची, मग मधोमध वरपासून खालपर्यंत गडद तपकिरी उभी रेघ मारायची, आणि मग त्वचेच्या रंगानं वरून-खालून कापत आणायचं. बुबुळाचा ठिपका काढायला जाल तर शिपाई कायमचा दचकलेला दिसेल.

आमची फर्म खऱ्या अर्थानं उभी राहिली ती काकाजींमुळे. काकाजी चितार ओळीतले, म्हणजे नागपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीतले. गणपती, दुर्गा, मारबतीच्या दिवसांतली कामं, यांतच त्यांचा जन्म गेलेला. मी त्यांना पहिल्यांदा २८ मिलिमीटरचा शिपाई दाखवला तेव्हा त्यांनी तो उजेडाकडे धरून बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, “पोरी, याले नाक कुठी देऊ? डोस्कं कुठी हाय याचं?” आणि चारच दिवसांत भोसल्यांच्या फौजेतला एक अरब शिपाई करून आणला. त्याला नाकही होतं आणि दाढीखाली हनुवटीही होती.

शाडू आणि पुटी यांच्यात फार फरक आहे. शाडूला पाणी लावलं की ती पुन्हा मऊ होते. इपॉक्सी पुटी, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होत जाणारा लगदा, तास-दीड तासानं ऐकेनाशी होते, म्हणून एका बैठकीत एकच भाग करायचा, तो कडक होऊ द्यायचा आणि मग पुढचा. काकाजींची बांबूची कोरणी इथं जाड पडायची. मेडिकल चौकाच्या बाजूला दाताच्या डॉक्टरांचं सामान मिळतं, तिथून मेण कोरायचं हत्यार आणि दोन बारीक टोकाच्या सळया आणल्या. तिसरं हत्यार त्यांनी छत्रीची काडी घासून स्वतः केलं. ते आजही त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं, दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाहीत. आतला सांगाडा तांब्याच्या तारेचा, मोटार रिवायंडिंगवाल्याकडची. पुटी बोटाला चिकटू नये म्हणून सगळे पाणी लावतात, काकाजी तेलाचं बोट लावतात. आणि प्रत्येक मूर्ती झाली की कमरबंदाच्या मागच्या बाजूला छत्रीच्या काडीनं एक तिरका काप. त्यांच्या वडिलांनाही तशी सवय होती म्हणे. या कापाचं पुढे काम पडलं.

तो पहिला अरब शिपाई अजून आमच्या यादीत आहे. तोड्याची बंदूक घेतलेला, डाव्या हाताच्या बोटांत पेटता तोडा, म्हणजे बंदूक डागायची जळती दोरी. त्या तोड्याचं टोक रंगवायला आधी काळा, त्यावर गडद लाल, त्यावर नारिंगी, आणि शेवटी टोकाला पिवळ्याचा नुसता स्पर्श. ज्यांना घाई आहे ते थेट नारिंगी ठिपका देतात आणि मग तोडा विझलेला दिसतो.

२०१३ पासून पुढची काही वर्षं काम वाढत गेलं. पुणे, बंगळुरू, मग परदेशातून ऑर्डरी. रंगाच्या टेबलावर दोन मुली कायमच्या आल्या. जीएसटी आला, तोही अंगवळणी पडला.

२०१८ मध्ये एका ग्राहकानं तुटलेला भाला दुरुस्तीला पाठवला. घोडेस्वार आमचाच, पण हातात घेताच हलका वाटला. कॅलिपर लावला. आमचा स्वार टाचेपासून डोळ्यापर्यंत बरोबर २८ भरतो, हा अर्ध्या मिलिमीटरनं कमी. भाल्याच्या टोकाला बुडबुडा, म्हणजे दाबाच्या भांड्यात न ठेवता नुसताच ओतलेला. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली शिवण दोन ठिकाणी होती. एक आमची, जी आम्ही घासूनही पुसटशी राहिलेली, आणि तिच्या शेजारी दुसरी, ताजी. कमरबंदामागे पाहिलं तर तिरका काप, कडा गोल झालेला, पण जागेवर. काकाजींनी भिंग लावून पाहिला आणि भिंग खाली ठेवलं. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामाला आले नाहीत.

आमच्या मूर्तीवरून साचा काढून प्रती विकणारा माणूस परका नव्हता. दुसऱ्या शहरातला व्यापारी, दोन वर्षं आमचाच माल घेऊन विकत होता. त्याच्याकडे आमचं येणं बाकी होतं. एकीकडे “पुढच्या महिन्यात देतो ताई” आणि दुसरीकडे आमच्याच स्वारांच्या प्रती निम्म्या भावात. त्यावर आणखी हे, की ग्राहकांना सांगत होता, मूळ काम त्याचं आणि नागपूरवाल्यांनी नक्कल केली. हे मला आजही सहन होत नाही. पैसे बुडाले ते बुडाले. पण चितार ओळीतल्या माणसाच्या बोटांतून निघालेल्या नाकाला कोणी आपलं म्हणावं?

वकिलाकडे गेलो, नोटीस पाठवली. समोरून उत्तर आलं ते कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ वर बोट ठेवून. या धंद्यात असणाऱ्या प्रत्येकानं ते कलम वाचावं. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलेलं नसेल आणि यांत्रिक पद्धतीनं त्याच्या पन्नासहून जास्त प्रती निघाल्या, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. आमचा युक्तिवाद असा की हे शिल्प आहे, कलाकृती आहे. वकील म्हणाले, मुद्दा भांडण्यासारखा आहे, पण भांडायला वर्षं लागतील. वर्षं आमच्याकडे नव्हती. निम्म्या भावाचा माल बाजारात आल्यावर दुकानदारांनी आमच्या ऑर्डरी थांबवल्या, साच्यांच्या सिलिकॉनवाल्याची उधारी चढली, आणि दिवाळीच्या आधी मी सासूबाईंच्या बांगड्या गहाण ठेवून दोन्ही मुलींचे पगार केले.

म्हणून सांगते, डिझाइनची नोंदणी पहिली मूर्ती विकायच्या आधी करा. फोटोसुद्धा कुठे टाकू नका, कारण एकदा जाहीर झालेलं डिझाइन नंतर नोंदवता येत नाही. २००० च्या डिझाइन कायद्याप्रमाणे नोंदणी दहा वर्षं चालते आणि पुढे पाच वर्षं वाढवता येते. आणि माल उधारीवर द्यायचाच असेल तर पहिल्या खेपेचे पैसे आल्याशिवाय दुसरी खेप बांधू नका, समोरचा कितीही गोड बोलो.

त्या हिवाळ्यात कर्नलसाहेब आले नसते तर आम्ही खोल्या रिकाम्या केल्या असत्या. कर्नलसाहेब निवृत्त, कामठीला राहतात. आमचे जुने ग्राहक, पण लहानसहान खरेदीचे. त्यांना आमची हकीकत कुठून कळली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आले, चहा घेतला आणि म्हणाले, “मला सीताबर्डीची लढाई हवी. पूर्ण टेबल. दोन्ही टेकड्या.” मी अंदाज सांगितला. त्यांनी पूर्ण रकमेचा चेक लिहिला. मी म्हटलं, साहेब, निम्मे आगाऊ पुरेत. तर म्हणाले, “आधी मुलींचे पगार करा, टेकड्या नंतर.” आजपर्यंत ज्यांचं नाव घेताच मी उभी राहते अशी माणसं थोडी आहेत, त्यांत ते आहेत.

सीताबर्डीची लढाई नागपूरकराला सांगायला नको. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रजांच्या पलटणी यांच्यात गोळीबार सुरू झाला, तो रात्रभर चालला. २७ ला सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि त्याच दिवशी ती पुन्हा हातची गेली. खेळ म्हणून ही लढाई फार उत्तम आहे, कारण सगळा प्रश्न एका लहान टेकडीचा आहे आणि ती टेकडी मोठीच्या तोंडासमोर आहे. टेबलावर ती चूक ठिकाणी किंवा चूक उंचीची ठेवली की लढाईच बदलते. कर्नलसाहेबांनी तीन वेळा पुठ्ठ्याचा नमुना परत पाठवला. या टेकड्यांवरचा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. सामान्य लोकांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला आत जाता येतं. २०१९ च्या १ मे रोजी भर उन्हात आम्ही वर गेलो. काकाजीही आले. वरून खाली पाहत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “इतक्या जवळून मारून राहिले होते एकमेकाले!” तिथून परत आल्यावर ते पुन्हा रोज कामाला बसू लागले.

टेबल ६ फूट बाय ४ फूट, दोन-दोन फुटांच्या तीन तुकड्यांत. याहून मोठा तुकडा करू नका, दारातून आणि गाडीतून जात नाही. साधं थर्माकोल दाण्यादाण्यानं सुटतं, म्हणून छताच्या उष्णतारोधनासाठी वापरतात तो दाट एक्सपीएस फोम घ्यायचा. कापायला नायक्रोमची तार धनुष्याला ताणून, बारा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर. तार लाल होऊ देऊ नका. लाल तार फोम कापत नाही, वितळवत जाते आणि कापाची रुंदी दर इंचाला बदलते. फोमला स्प्रेचा रंग थेट मारला तर सॉल्व्हंट त्याला खाऊन टाकतो. आधी फेविकॉल, काळा रंग आणि बारीक रेती यांचा लेप, तो पूर्ण वाळू द्यायचा.

रेती कन्हानची, चहाच्या गाळणीनं दोनदा गाळलेली. उताराला मुरूम कुटून. सीताबर्डीचा दगड काळा बसाल्ट, म्हणून कडे काळपट करड्या रंगाचे, त्यावर ड्रायब्रशनं, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशनं, फिकट मातकट हात. सगळे जण दगडाला निळसर करडा देतात, तो या मातीतला नाही. वाळलेलं गवत सुतळीचं. झुडपांना घोसाळ्याची जाळी. पानोळा करायला तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्यांकडचा भुसा रंगवून घेतला. आणि पायथ्याच्या झोपड्या, ज्यांच्या आडोशानं अरब चढले, त्यांच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. त्या नसतील तर लहान टेकडी कोणाला घेताच येत नाही.

उताराचं एक सांगायचं राहिलं. डोळ्याला खरा वाटणारा उतार मूर्तीला उभं राहू देत नाही. म्हणून उतारात पंचवीस मिलिमीटर रुंदीच्या सपाट पायऱ्या कापायच्या आणि झुडपांनी झाकायच्या. पाहणाऱ्याला टेकडी दिसते, खेळणाऱ्याला जागा मिळते.

शिपायांचे लाल डगले रंगवताना काळ्या प्रायमरवर लाल कधीच मारू नका, तीन हात देऊनही तो मेलेला राहतो. आधी विटकरी तपकिरी, मग लाल, आणि घड्यांच्या कडांना लालात थोडा नारिंगी. पांढरा मिसळला की गुलाबी डगला होतो. छातीवरचे पट्टे आधी करडे, मग मळकट पांढरे.

ते टेबल कर्नलसाहेबांनी ओळखीच्या लोकांना खेळायला दिलं आणि तिथून टेरेनच्या ऑर्डरी सुरू झाल्या. आज आमच्या कामाचा मोठा भाग टेरेनचा आहे. त्याचा साचा कोणी काढू शकत नाही, कारण प्रत्येक टेबल एकदाच होतं. पुढे लॉकडाऊन आलं, तेव्हा घरी बसलेल्या लोकांनी वर्षानुवर्षं पडून असलेल्या मूर्ती रंगवायला पाठवल्या आणि उधारी फिटली. बांगड्या सोडवल्या. तो व्यापारी अजून धंद्यात आहे आणि आमचे जुने स्वार अजून विकतो. घेणाऱ्यांनी कमरबंदामागे पाहावं. आमच्या मूर्तीवर काप धारदार असतो.

नवीन मूर्तींची नोंदणी आता आधी होते, मगच फोटो. काकाजींची नात पुटीवर बसायला लागली आहे, घोड्यांचे पाय तिचे फार सुंदर येतात. काकाजी गणपतीच्या दिवसांत चितार ओळीत असतात आणि आमच्याकडे येत नाहीत, त्यामुळे नवीन मूर्ती घडवून हवी असेल त्यांनी जूनच्या आधी कळवावं. टेरेनचं काम बारा महिने चालू असतं.