सव्वासहा टक्क्यांचा आणा

काल दुपारी चादरी घ्यायला गेलो होतो. काचेवर लाल कागद: '२० टक्के सूट, वर आणखी १० टक्के'. चादर १,५०० रुपयांची. बायको म्हणाली, "तीस टक्के सूट, म्हणजे हजार पन्नास." मी गप्प. पण डोक्यातलं यंत्र सुरू झालंच होतं. दहा टक्के काढायला शेवटचं शून्य पुसायचं, दीडशे. त्याची दुप्पट तीनशे. उरले बाराशे. पुढचे दहा टक्के या बाराशेचे, एकशेवीस. म्हणजे १,०८०, आणि सूट अठ्ठावीसच टक्के. आधी दहा काढून मग वीस काढले तर? तरी तेवढेच. हेही उभ्याउभ्या ताडून पाहिलं. बिल १,०८० चंच आलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी चेहरा सरळ ठेवणं फार जड गेलं.

ही खोड आजीकडून आलेली. पावकी, निमकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, साडेतीनचे पाढे, तिला झोपेतून उठवून विचारले तरी घडाघडा म्हणायची. टक्के मात्र तिला कधी मानवले नाहीत. व्याज असायचं 'शेकडा दोन', तेही महिन्याचं. वर्षाचे चोवीस होतात हे ऐकणाऱ्याने ओळखून घ्यायचं. बाकी सगळा कारभार आण्यांत. १९५७ साली नवे पैसे आले, पण ते हिला कुणी कळवलं नसावं. फणस 'आठ आणे पिकलाय', धुणं 'बारा आणे वाळलंय'. तिला तरी का हसा? पिकाची पैसेवारी, म्हणजे उत्पन्नाचा सरकारी अंदाज, पन्नासच्या आत आली की गावंच्या गावं अजूनही 'आणेवारी कमी लागली' असंच म्हणतात.

दहावीला मला ७५ टक्के पडले. पेढा हातात घेऊन आजी म्हणाली, "बारा आणे! आणि उरलेले चार कुणाला देऊन आलास?"

सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे एक आणा सव्वासहा टक्के. तिच्याशी बोलता बोलता सव्वासहाचा पाढा मला पाठ झाला. जगात इतका निरुपयोगी पाढा दुसरा नसेल.

एकदाच कामाला आला. आजी दवाखान्यात होती. डॉक्टर पलंगाशी उभे राहून म्हणाले, "साठ टक्के चान्स आहे." ते गेल्यावर तिने माझी बाही ओढली.

"किती आणे रे?"

पन्नासचे आठ. वरच्या दहाचा दीड, आणि चिमूटभर.

"दहा," मी म्हणालो.

ती डोळे मिटून पडली होती. अंगठा बोटांच्या पेरांवरून सावकाश फिरत होता. एका पेरावर थांबला.

"साडेनऊच होतात," ती म्हणाली. "पदरचे घालू नकोस."